काळभाताच्या खाचरातला कोंडा

नगर जिल्ह्यात भात होतं असं सांगितलं की अजूनही लोक माझ्याकडे बघत राहतात. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण ही शंका तशीच राहिली. मी संगमनेरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या शाळेत पारनेरकडच्या एक बाई आहेत. पहिल्या वर्षी माझ्या डब्यातला भात चाखून त्या म्हणाल्या, "कुठल्या दुकानातला गं हा? वास बघ की!" मी म्हटलं, "घरचा आहे. अकोले तालुक्यातला." त्यांना वाटलं मी थट्टा करते. त्यांच्याकडे पावसाळ्यात बाजरी तगेल की नाही याची काळजी असते. आमच्याकडे बांध टिकेल की नाही याची.

आमचं गाव राजूरच्या पुढे, डोंगराच्या पोटात. इथली भाताची खाचरं उतारावर पायऱ्यांसारखी एकाखाली एक बांधलेली असतात. वरच्या खाचरात साठलेलं जास्तीचं पाणी बांधाला ठेवलेल्या वाटेनं खालच्यात उतरतं. त्या वाटेला आम्ही मोरी म्हणतो. मातीचं ढेकूळ आणि दगड लावून ती बुजवायची, पायानं ढकलून मोकळी करायची.

आमच्या खाचरांत सगळ्यात वरचं खाचर आईचं. कागदावर ते वडिलांच्या नावावर आहे, पण त्यात काय लावायचं हे आई ठरवते, आणि ती तिथं दरवर्षी काळभात लावायची. या भाताचं टरफल काळसर असतं, आतला तांदूळ पांढरा, आणि शिजताना वास ओसरीपर्यंत येतो. पीक उशिरा निघतं, उताराही कमी पडतो. म्हणून गावात बहुतेकांनी ते सोडून दिलं. आईनं लग्नानंतर पहिल्या पंचमीला माहेराहून फडक्यात बांधून ते बी आणलं होतं. पुढे मामांनीही इंद्रायणी धरलं आणि आईच्या माहेरी काळभात राहिलं नाही. राहिलं ते आमच्या वरच्या खाचरात.

भाताच्या बियाण्याचं एक आहे. ते फार वर्षं कणगीत ठेवून चालत नाही. लावत राहिलं तरच ते राहतं.

आवणी, म्हणजे रोपांची लावणी, झाली की तीन-एक आठवड्यांनी निंदणी येते. खाचरातलं काम बघायला आलेल्याला आवणी आवडते, कारण बायका ओळीनं वाकलेल्या असतात, कुणीतरी गाणं म्हणत असतं. निंदणीत बघण्यासारखं काही नसतं. पाठीवर प्लास्टिकचा कागद, खाली घोट्याच्या वर पाणी, आणि बोटं चिखलात. सगळ्यात त्रास देतं ते पाखड नावाचं गवत. लहानपणी ते हुबेहूब भाताच्या रोपासारखं दिसतं. पान खोडाला जिथं मिळतं तिथं भाताला पातळशी जीभ असते, पाखडीला ती नसते. एवढाच फरक. तो डोळ्यांनी बघत बसलं तर दिवस पुरत नाही. आई उजव्या हाताचा अंगठा त्या जागी नुसता फिरवायची, आणि पाखड असेल तर पुढच्याच क्षणी ती मुळासकट वर आलेली असायची.

मी शाळेत असताना आईनं आमची निंदणी करून वर दुसऱ्यांच्याही खाचरांत जाऊन निंदणी केली. राजूरच्या वसतिगृहात मला घालताना आणि पुढे संगमनेरच्या कॉलेजला पाठवताना तिनं एकदाही "जमेल का" असं विचारलं नाही. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. ती पदवी त्या अंगठ्यावर उभी आहे असं मला वाटतं. आईला हे बोलून दाखवलं की ती म्हणते, "अभ्यास तू केलास, मी काय केलं?"

तीन वर्षांपूर्वी तो अंगठाच धरला. सांधा झिजला होता. संगमनेरच्या डॉक्टरांनी पट्टा दिला, गोळ्या दिल्या आणि ओल्यात काम करू नका म्हणाले. आईनं पट्टा लावून निंदणी करायचा प्रयत्न केला. पट्टा चिखलानं भरला आणि अंगठा सुजून दुप्पट झाला. पुढच्या वर्षी वडिलांनी वरचं खाचर पड ठेवलं. खालची खाचरं ते आणि मजुरीच्या बाया निभावत होत्या. वरच्या खाचरात त्या पावसाळ्यात गवत माजलं, त्याला बी धरलं, आणि ते सगळं बी तिथंच पडलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी सुट्टीला गेले तेव्हा आईनं कणगीतलं मूठभर काळभात ओल्या फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी तिनं ते माझ्यासमोर सोडलं. अर्धे दाणे मोडाला आले होते, अर्धे तसेच. आई बराच वेळ बोटानं दाणे इकडचे तिकडे करत राहिली.

"मागल्या साली सगळं फुटत हुतं," ती म्हणाली. "औंदा न्हाई लावलं तर पुढल्या साली फुटायचं न्हाई."

वडील ओसरीवर होते. ते म्हणाले, "लावू की. तणनाशक मारू वर. सगळी मारत्यात."

"आन् ते पाणी उतरून वढ्याला जातं. तिथं मी खेकडं धरते. तुमीच चाटून-पुसून खाता."

 खेकड्याचं कालवण वडिलांना भारी आवडतं; तणनाशकाचा विषय तिथंच संपला.

मला त्या वेळी आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांचा एक तास आठवला. पाणी भरलेल्या मातीत काय चालतं हे ते शिकवत होते. कुजणारं काही त्या मातीवर पडलं, की त्यावर जगणारे सूक्ष्म जीव आधी तिथला प्राणवायू संपवतात. मग पाणी आंबतं. गवताचं बारीक बी मातीच्या अगदी वरच्या थरात असतं, त्याला ही आंबट, हवा नसलेली जागा सोसत नाही. आवणीचं रोप मात्र मोठं झालेलं असतं. त्याची मुळं खाली गेलेली असतात आणि ते पानांतून मुळांपर्यंत स्वतःची हवा नेतं. म्हणून काही ठिकाणी शेतकरी आवणीनंतर खाचरात तांदळाचा कोंडा पसरतात, असं सर म्हणाले होते. त्या दिवशी वर्गात भाताच्या गावची मी एकटीच होते. तरी मी हात वर करून काही विचारलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं.

सर आता निवृत्त झालेत. मी त्यांना फोन केला. ते इतके खूश झाले की आधी मलाच चार गोष्टी विचारल्या: माती कशी आहे, पाणी किती साठतं, पाऊस कसा. मग म्हणाले, "करा. आवणी झाली की लगेच टाका, उशीर केलात तर गवत उगवून बसेल. फार दाट टाकू नका, रोपांनाच त्रास होईल. आणि पहिले आठ-दहा दिवस पाणी हलू देऊ नका. त्या पाण्यातच सगळं आहे."

घरी हे सांगितलं तेव्हा वडिलांना पटेना. "कोंडा जनावराच्या तोंडचा. तो चिखलात घालायचा?"

आईला पटायला वेळ लागला नाही. चिखलणीच्या वेळी ती स्वतः करंजाचा, ऐनाचा पाला आणून चिखलात तुडवायची. तो खतासाठी असं ती समजायची, पण पाला घातलेल्या भागात निंदणी हलकी जाते हेही तिला माहीत होतं. "पाल्यानं व्हतं तर कोंड्यानं का न्हाई व्हायचं?" एवढंच तिनं विचारलं.

गावातल्या गिरणीत तूस आणि कोंडा एकत्रच पडतो. तो आणून आम्ही मायलेकींनी चाळला. बारीक कोंडा पोत्यांत भरला. आमच्या वरच्या खाचराला लागून खालचं, उंच बांधाचं खाचर माझ्या चुलत्यांचं. ते वडिलांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. आम्ही चाळत होतो तेव्हा ते येऊन उभे राहिले.

"वहिनी, खाचराचं लगीन हाय का? कोंड्याच्या अक्षदा दिसत्यात."

"व्हय. नवरदेव तुमीच. या बाशिंग बांधून."

"आन् मास्तरीणबाई भटजी का?" तात्या माझ्याकडे बघत म्हणाले. "आगं, त्या काळ्या भातापायी कशाला एवढा खटाटोप? कोन खातंय ते आता?"

"मागल्या दिवाळीला तीन वाढी घेतल्या तुमी," आई चाळणं न थांबवता म्हणाली.

तात्या हसत निघून गेले. त्यांच्याकडे त्या वर्षी फवारणीचा नवा पंप आला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तो दाखवत होते.

जुलैच्या मध्याला वरच्या खाचराची आवणी झाली, खाली तात्यांचीही त्याच आठवड्यात. रोपं विरळ होती, कारण अर्धं बी उगवलंच नव्हतं. उगवलेलं सगळं आईनं लावलं, एक काडी बांधावर टाकली नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता, मी होते. आईनं डाव्या हातात घमेलं घेतलं आणि आम्ही ओळींच्या मधून कोंडा पसरत गेलो. झिमझिम पाऊस होता. कोंडा पाण्यावर पडला की आधी तरंगायचा, मग हळूहळू ओला होऊन मळकट दिसायचा. आई मधेच थांबली.

"पीठ सांडल्यावानी वाटतंय गं."

"थांबू का?"

"न्हाई. टाक." आणि तिनं उरलेला कोंडा जास्तच सावकाश, हात पाण्याजवळ नेऊन सोडला.

वडिलांनी मोरी नीट बुजवली. मी त्यांना दोनदा सांगितलं की ती उघडायची नाही. सोमवारी पहाटेच्या गाडीनं मी संगमनेरला आले.

मंगळवारी संध्याकाळी डोंगरावर पाऊस कोसळला. वडील खालच्या बांधाला गुंतले होते. तात्या गुरं घेऊन वरच्या वाटेनं घरी चालले होते. त्यांनी बघितलं, तर आमचं वरचं खाचर काठोकाठ भरलेलं आणि मोरी बंद. त्यांनी गुरं तशीच पुढे हाकली, बांधावर गेले, आणि पायानं ढेकूळ ढकलून मोरी मोकळी केली.

आमच्याकडे ही रीत आहे. जोराच्या पावसात ज्याला दिसेल त्यानं, ज्याची असेल त्याची मोरी उघडायची. विचारायला जायचं नाही. वरचा एक बांध फुटला तर खालचे सगळे फुटतात. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचीही मोरी लोक उघडतात, आणि त्यानंतरही बोलत नाहीत. मोरी उघडू नका असं गावात कधी कुणी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्याही ते डोक्यात आलं नाही. वडिलांना सांगितलं म्हणजे झालं असं मला वाटलं होतं.

रात्री आईचा फोन आला. "गेला सगळा कोंडा. कोपऱ्यात करंजाची फांदी पडलीया, तिथं थोडा अडकलाय. बाकी पानी निव्वळ नितळ."

"तात्यांना काही बोललात का?"

"काय बोलायचं? बांध जाऊ द्यायचा हुता का, असं त्यांनी इचारलं. न्हाई म्हनले."

मी दुसऱ्या कोंड्याची चौकशी केली, पण आवणीचे दिवस, गिरणी बंद. कोंडा मिळेपर्यंत गवताला दोन पानं फुटली होती, आणि उगवलेल्या गवतावर कोंड्याचं काही चालत नाही.

आठवड्यानं तात्याच तक्रार घेऊन आमच्या ओसरीवर आले. हे मला आईनं नंतर सांगितलं, पण ती तात्यांचा आवाज काढून सांगते, त्यामुळे मी तिथंच होते असं वाटतं.

"वहिनी, माझ्या खाचरात ताकाचा वास येतोय."

"मग कढी करा."

"थट्टा नगं. पानी काळं पडलंय. रोपं पिवळी दिसाय लागली. तुमच्या त्या कोंड्यानं माझं पीक गेलं तर?"

आता वडील उठले. दोघा भावांचे आवाज चढले. मोरी कुणी उघडली इथपासून कोंडा कुणी आणला इथपर्यंत सगळं निघालं. आईनं चहा ठेवला, आणि चहा होईपर्यंत दोघं भांडले. रात्री आईनं कळवल्यावर मी फोनवर सरांना विचारलं. ते म्हणाले, "रोपं थोडी पिवळी पडतात सुरुवातीला. मुळं धरली की हिरवी होतात. थांबा म्हणावं." मी आईला सांगितलं, आईनं तात्यांना सांगितलं. तात्या म्हणाले, "थांबन्याशिवाय करू तरी काय?"

पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा वरच्या खाचरात गवत रोपांच्या बरोबरीनं उभं होतं. दुरून बघितलं तर भरघोस पीक वाटावं असं हिरवं. आई त्यात वाकलेली होती. उजव्या हाताला पट्टा, आणि तो हात पाठीवर ठेवलेला. डाव्या अंगठ्यानं ती पानाचा जोड चाचपत होती. मला बघून म्हणाली, "ह्याला अजून कळत न्हाई. दोनदा भातच उपटलं." उपटलेली ती दोन रोपं तिनं पुन्हा खोवून ठेवली होती.

मी उतरले. मला अंगठ्यानं ओळखता येत नाही, मी वाकून डोळ्यांनी बघते. दोन तासांत आम्ही बांधापासून जेमतेम थोडं आत आलो.  एवढं खाचर आम्हा दोघींना होणार नाही हे दोघींनाही दिसत होतं. मजुरीच्या बाया सगळीकडे गुंतलेल्या. वेळेवर निंदलं नाही तर ही विरळ रोपं गवताखाली गुदमरणार होती, आणि तेवढंच काळभात होतं, कणगीत मागे काही नव्हतं.

करंजाची फांदी पडली होती त्या कोपऱ्यापर्यंत आम्ही पोचलो तेव्हा आई थांबली. "हिकडं ये," ती म्हणाली. फांदीच्या मागे, घोंगडीएवढ्या जागेत, रोपं एकटी उभी होती. मधलं पाणी मोकळं, खाली गुळगुळीत काळा चिखल. आईनं चिखलात हात घालून बघितलं. मग मान वळवून खाली तात्यांच्या खाचराकडे बघितलं, आणि मीही बघितलं. ओळी दिसत होत्या. ओळींच्या मधलं पाणीही दिसत होतं.

तेवढ्यात तात्या पाठीवर पंप घेऊन आले. त्यांच्या बांधावर उभे राहिले. नळी हातात धरून इकडून तिकडे चालत गेले, परत आले, खाली बसून पाण्यात बघितलं. मग आम्ही वरून बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"वहिनी," त्यांनी खालून हाक मारली, "फवारू कशाला? गवतच न्हाई!"

"कढी झाली का मग?" आई म्हणाली.

तात्यांनी पंप बांधावर उतरवून ठेवला आणि वर चढून आले. आमच्या खाचराच्या कडेला उभे राहून त्यांनी आमचं गवत बघितलं, आईचा पट्टा बघितला, मला बघितलं.  वळून घराकडे गेले. पंप तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाचरात उतरायच्या आधीच तात्या, काकू, त्यांच्या दोन्ही सुना आणि शेजारची तीन-चार माणसं बांधावर होती. आमच्याकडे याला इर्जिक म्हणतात. एकाच्या कामाला सगळ्यांनी जायचं, आणि ज्याचं काम त्यानं जेवण घालायचं. पण इर्जिक ज्याचं काम असतं तो बोलावतो. आम्ही कुणाला बोलावलं नव्हतं.

आई म्हणाली, "भावजी, ह्ये काय?"

"काय न्हाई. तुमचा कोंडा माझ्याकडं उतरला. आता मानसं वर चढली." तात्या धोतर खोचत म्हणाले. "जेवायला काय करताय ते बोला. आन् बिनकोंड्याचं करा."

दिवसभर सगळे वाकले होते. काकूंना पाखड अंगठ्यानं ओळखता येते, आईइतकी नाही, पण येते. आईला त्यांनी खाचरात उतरूच दिलं नाही. ती बांधावर बसून "ते भात हाय, ते भात हाय!" असं ओरडत राहिली. शेवटी एक सून म्हणाली, "अवो आत्याबाई, आमाला बी हात दिलेत देवानं." तेव्हा ती स्वयंपाकाला गेली. संध्याकाळी खाचर उघडं पडल्यासारखं दिसत होतं, इतकी रोपं विरळ. गवताच्या गर्दीत ते कळलं नव्हतं. आई म्हणाली, "फुटवं येतील." आले.

काळभात उशिरा, दिवाळी उलटून गेल्यावर निघालं. फार नव्हतं. खाण्याचं असं थोडंच, कारण आईनं आधी बियाण्याच्या लोंब्या निवडल्या. त्या झोडल्या नाहीत, हातानंच चोळून दाणे काढले, आणि वाळवायला ओसरीवर घोंगडीवर पसरले. मी तिथंच बसून मुलांच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासत होते.

तात्या आले. दाण्यांच्या कडेला उकिडवे बसले. एक दाणा उचलला, टरफल नखानं सोललं, तांदूळ तोंडात टाकला.

"वहिनी, पायलीभर द्याल का?"

"खायाला?"

"लावायला." ते माझ्याकडे बघत म्हणाले, "खाचर कोंड्याला सरावलंय. इंद्रायणी काय सगळीच लावत्यात."

 घोंगडीवरचे दाणे आईनं हातानं दोन बाजूंना सारले. एक वाटा मोठा, एक लहान. मग मोठ्यातले थोडे लहानाकडे सारले. आत जाऊन फडकं आणलं. गाठ मारायला तिला आता माझा हात लागतो, म्हणून तिनं टोकं माझ्याकडे दिली. मी गाठ मारली.

"घ्या," ती तात्यांना म्हणाली. "दोन घरी राहील. एकाकडं गेलं तर दुसऱ्याकडं असंल." आणि फडकं त्यांच्या हातात पडलं तरी तिनं एक टोक सोडलं नाही. "पन एक ऐका. कोंडा टाकल्यावर पाऊस आला तर आधी मला हाक मारा. मग मोरी उघडा."

"आन् बांध फुटला म्हंजे?"

"हाक मारली की येईन मी. आपल्या दोन खाचरांत अंतर ते किती?"

तात्या फडकं काखेत धरून उतरले. खालून त्यांनी काकूंना हाक मारलेली आम्हाला ऐकू आली, कणगी रिकामी कर म्हणून. आई उरलेले दाणे उन्हाकडे सारत होती. पट्टा तिनं काढून बाजूला ठेवला होता. ती उजव्या हाताच्या तळव्यानं दाणे पसरत होती, अंगठा बाजूला धरून.